नखावरचा थेंब

सासूबाईंनी बाटली खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "चौदा. सकाळी सोळा होतं. गाडी पुढे जायचं सोडून मागे चाललीय."

खोलीत पाच खाटा होत्या आणि पाच आया. त्यांची वेळेआधी आलेली लेकरं वर तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत होती. खाली दर तीन तासांनी पंपांची घरघर चालायची. दूध काढायचं, औषधाच्या बाटलीएवढ्या बाटलीत भरायचं, वर चिकटपट्टी लावून खाटेचा नंबर आणि वेळ लिहायची, आणि घरच्या माणसाने ती वर नेऊन द्यायची. चार नंबरच्या बाटल्या सासूबाई नेत. सुनेला फिरायची मनाई होती. पोटाचे टाके ओले होते, पायांवरची सूज बोटाने दाबली तर खड्डा पडत होता आणि रक्तदाब औषधांनाही जुमानत नव्हता. दिवसातून एकदा चाकाच्या खुर्चीत बसवून तिला वर नेत. दहा मिनिटं.

"आई, जरा हळू बोला ना."

"मी काय पदरचं सांगतेय? आकडा बाटलीवर छापलाय. तूच म्हणायचीस ना, आकडा बोलतो, माणसाने बोलू नये?"

ती तसं म्हणायची, हे खरं होतं. लग्नाआधीपासून ती दूध संकलन केंद्रावर तपासनीस होती. पहाटेपासून रांग लागायची, एकेकाच्या कॅनमधलं दूध ती उंच भांड्यात घ्यायची, त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडायची आणि तो किती बुडतो ते पाहायची. पाणी असलं की काच खोल जायची. मग ती ओळखदेख न पाहता कॅन परत करायची. कुणी हाता-पाया पडलं तरी नाही, कुणी शिव्या दिल्या तरी नाही. रांगेतल्या लोकांनी तिचं नाव तुरटी ठेवलं होतं. "तुरटी आलीय का आज? मग घरीच चहाला वापरा," असं म्हणून माणसं अर्ध्या वाटेतून परत फिरायची. तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट, थोडा अभिमानच होता.

लग्न झाल्यावर चौथ्या महिन्यात त्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या. दोन गाई होत्या त्यांच्या, आणि चाळीस वर्षं दूध घालत होत्या. काच खोल गेली. मागे बावीस माणसं. सून एक शब्द बोलली नाही, तिने झाकण लावलं आणि कॅन परत सरकवला. मागून कुणीतरी म्हणालं, "घरच्या माणसालाही सोडलं नाही हो!" आणि माणसं हसली. सासूबाई भरलेला कॅन घेऊन चालत घरी गेल्या. त्या दिवसाबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. न बोललेल्या गोष्टी लोणच्यासारख्या असतात, झाकण घट्ट असलं की आणखी मुरतात.

गरोदरपण तिला सुखाचं गेलंच नाही. तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं, तेव्हापासून पलंग. पलंगावर पडल्या पडल्या ती छताच्या पत्र्यावरचे खिळे मोजायची आणि देवाला म्हणायची, एवढं राहू दे, पुढे काही मागणार नाही. "आम्ही बाळंतपणाच्या दिवशीही धारा काढल्या," सासूबाई दारातून म्हणायच्या, "यांचं बाळंतपण आधीपासूनच सुरू!" सातव्या महिन्यात डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि त्याच दुपारी पोट फाडून मुलगी काढावी लागली. एक किलो ऐंशी ग्रॅम. नवऱ्याने पाहिलं आणि खाली येऊन तिला म्हणाला, "अगं, एका हाताच्या पंजात मावेल." तो डेअरीचा टँकर चालवायचा, बारा हजार लिटर. आठवड्यातून एकदा यायचा. लेकीच्या नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी चार मिली दूध जातं हे कळल्यावर हसला, "माझ्या टँकरच्या नळाला यापेक्षा जास्त चिकटून राहतं." तीही हसली होती. टाके दुखले होते.

दुधाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. पहिल्या दिवशी सिरिंजमध्ये चार थेंब. सिस्टर म्हणाल्या, "वा, सोनं आहे हे." सासूबाई म्हणाल्या, "सोनंच. तोळ्यावर आलंय." दहाव्या दिवशी सोळा मिली, मग चौदा. शेजारच्या तीन नंबरच्या खाटेवर जुळ्यांची आई होती. तिच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या. दूध इतकं की ब्लाउज भिजायचे, आणि ती भोळेपणाने म्हणायची, "ताई, माझ्यातलं देऊ का थोडं? सिस्टरना विचारू?"

"नको गं बाई," सासूबाईच उत्तर द्यायच्या, "आमच्याकडे दुसऱ्याचं दूध चालत नाही. आमच्याकडे तपासणी फार कडक."

बाराव्या दिवशी मोठ्या सिस्टर खाली आल्या आणि सांगून गेल्या, बाळाला आता आठ मिली लागतील, कमी पडलं तर आपण पावडरचं देऊ, काळजी करू नका, ताण घेतला की दूध आटतं. त्यांची पाठ वळते न वळते तोच सासूबाईंनी सगळ्यांना ऐकवलं, "म्हणजे आता डबा! आई जिवंत असून लेकरू डब्यावर. जनावरसुद्धा आपलं वासरू दुसऱ्याच्या दारात नेऊन घालत नाही."

त्या दिवशी दुपारी पंप चाळीस मिनिटं लावूनही बाटलीत अकरा मिली आले. छाती दगडासारखी झाली होती, कातडी सोललेली. सासूबाई हात धुवायला गेल्या होत्या. पलंगाच्या बाजूला उकळून गार केलेल्या पाण्याचा जग होता. तिने झाकण काढलं आणि थोडं ओतलं. सोळाच्या रेघेपर्यंत. बूच लावलं. वेळ लिहिली: दोन वाजून दहा. हात जराही कापला नाही, आणि हेच तिला नंतर सगळ्यात जास्त आठवायचं.

सासूबाई आल्या. बाटली खिडकीकडे धरली. एक डोळा मिटला. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बाटली रुमालात गुंडाळली आणि वर गेल्या.

बारा दिवसांत पहिल्यांदा त्या काही बोलल्या नव्हत्या. तिला इतकं हलकं वाटलं की तिने डोळे मिटले आणि ती तासभर गाढ झोपली. एकदाच, असं तिने स्वतःला सांगितलं. पाणी उकळलेलं होतं. पाच मिलीने काय होतंय. केंद्रावर हे असंच म्हणणाऱ्या शेकडो माणसांचे चेहरे तिने पाहिले होते, आणि एकाचंही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी सहा. सातव्या दिवशी बाटलीत दूध जेवढं, पाणी त्याच्या निम्मं. पाप पहिल्यांदा दाराशी येतं तेव्हा चप्पल काढून, अंग चोरून येतं. आठवड्याने तेच घरात पाय पसरून बसतं.

वर मुलीचं वजन चढायचं थांबलं. जन्मानंतर उतरून पुन्हा एक किलो साठपर्यंत आलेला काटा एक किलो चाळीसवर आला, मग तीस, मग दहा. "दूध तर पूर्ण पचतंय," डॉक्टर म्हणाले. ते कुणालाच दोष न देता बोलायचे, त्याने आणखी भीती वाटायची. "कुठेतरी संसर्ग असेल. रक्त तपासू."

रक्त टाचेतून काढायचे. तिच्या दहा मिनिटांत तिला दिसायचं ते एवढंच: दोन टाचा, तिच्या करंगळीच्या पेराएवढ्या, आणि दोन्हींवर कापसाचे बोळे. पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग जागाच उरेना म्हणून पायाच्या बाजूला. मुलगी रडायची नाही. घशात श्वासाची नळी होती तेव्हा आवाज निघत नव्हता, आणि नळी काढल्यावर रडायला ताकद नव्हती. तोंड उघडायची, कपाळ आक्रसायचं, आणि आवाज यायचा नाही.

"बाळ कधीकधी श्वास घ्यायचं विसरतंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आम्ही पायावर टिचकी मारतो, मग आठवतं तिला."

तिने काचेवर हात ठेवला. एक वाक्य. फक्त एक वाक्य बोललं की टाचांवरचे बोळे थांबणार होते. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण खुर्चीमागे सासूबाई उभ्या होत्या, त्यांची सावली काचेवर पडली होती, आणि तिला भरलेला कॅन घेऊन चालत जाणारी पाठ दिसली. बावीस माणसं हसत होती. तिने वाक्य गिळलं. खाली आल्यावर देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, हिला बरं कर. बरं करायची गोष्ट तिच्या स्वतःच्या हातात होती, आणि ती देवाच्या गळ्यात घालत होती.

"आईची काही औषधं बदललीत का?" डॉक्टरांनी विचारलं. "दूध काढताना हात, भांडी? सगळं सांगितल्याप्रमाणे?"

"सांगितल्याप्रमाणे," ती म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या. हल्ली त्या काहीच बोलत नसत.

नवव्या दिवशी सकाळी मुलीला झटका आला. एक हात आणि एक पाय थडथड उडायला लागले, डोळे एका कोपऱ्यात गेले. तिला वर बोलावलं. या वेळी चाकाची खुर्ची आणायला कुणी थांबलं नाही, ती टाके धरून भिंतीच्या आधाराने गेली, आणि मागून सासूबाई.

"रक्तातलं मीठ फार उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "अंगात पाणी जास्त झालंय. सलाईन तर आपण कधीच बंद केलं. मग पाणी येतंय कुठून, ते कळत नाहीये. मेंदूला संसर्ग आहे का ते बघावं लागेल. पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढतो. इथे सही करा."

कागद तिच्यापुढे आला. पेन तिच्या हातात आलं. पाणी येतंय कुठून, हे त्या मजल्यावर तिला ठाऊक होतं. तिने सही केली. अक्षर नेहमीसारखं, चिकटपट्टीवर यायचं तसं, नीट आणि गोल.

दार बंद झालं. बाहेर बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मग आतून आवाज आला. आधी तिला कळलंच नाही तो कुणाचा. मांजराच्या पिल्लाला पोत्यात घालावं तसा, बारीक आणि लांब. मग तिला कळलं. वीस दिवसांत मुलीचं रडणं तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. मणक्यात सुई जाईपर्यंत लेकराने आवाज राखून ठेवला होता.

ती उठली आणि दारावर दोन्ही हातांनी मारायला लागली. "थांबा! मी पाणी घातलं! दुधात मी पाणी घातलं! काढा ती सुई!"

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. किती दिवस, किती, कुठलं पाणी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या, डॉक्टरांशी बोलल्या, आणि मग तिला हाताला धरून शेजारच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे फ्रिज होता. चार नंबरच्या सात बाटल्या बाहेर काढल्या. एकेकीचं बूच काढलं आणि बेसिनमध्ये ओतली. केंद्रावर ती करायची अगदी तसंच, तोंडावर काही न आणता. सातही बाटल्यांमध्ये तिचं दूध होतं, एकेका थेंबासाठी रक्त आटवलेलं, आणि ते पाण्याबरोबर गेलं.

"उद्यापासून तुम्ही दूध काढाल तेव्हा आमची एक बाई समोर बसेल," सिस्टर म्हणाल्या. "आणि बाटली तीच वर आणेल."

"मुलगी?"

"मीठ चढवतोय. झटका थांबलाय." सिस्टरनी बेसिन धुतलं. "मेंदूला किती लागलं असेल ते आज सांगता येत नाही. बसायच्या वयात बसली, चालायच्या वयात चालली, तर कळेल. कदाचित काहीच झालेलं नसेल."

कदाचित. हा शब्द तिला वर्षभराच्या बोलीवर मिळाला.

बाहेर बाकावर सासूबाई तशाच बसल्या होत्या. ती समोर उभी राहिली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. हळू. आज खोलीला ऐकवायचं नव्हतं. "बुचाला लागलेला थेंब मी नखावर घेऊन बघायची, रोज. बाईचं दूध पातळच, पण तुझा थेंब थांबायचा. त्या दिवशी पळाला."

तिला आधी अर्थच लागेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलली होतीस?"

"मी तुमचा कॅन परत केला! कुणाला पाजला नाही! तुम्ही रोज, रोज ते वर नेऊन..." तिने बंद दाराकडे बोट केलं. "नात आहे ती तुमची."

सासूबाईंनी अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. चाळीस वर्षं धारा काढून ते नख जाड आणि पिवळं झालं होतं. "त्या दिवशी एक गाय आटली होती," त्या म्हणाल्या. "निम्मा कॅन घेऊन रांगेत उभं राहायची लाज वाटली. म्हणून ओतलं. तू मला एकदा बाजूला घेऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मग म्हणाल्या, "मी म्हटलं, हिला कळतंय. आज सांगेल, उद्या सांगेल. रोज वाट बघायची."

"आणि टाचा? त्या टाचा दिसत नव्हत्या तुम्हाला?"

"दिसत होत्या," सासूबाई म्हणाल्या. "तुलाही दिसत होत्या."



रविवारी नवरा आला. तिने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी हसला. "तू? तुरटी? पाणी?" थट्टा वाटली त्याला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू ओठांवर तसंच अर्धवट राहिलं. आईचा भाग तिने सांगितला नाही. का नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. सांगायचं तर दोघींचं सांगावं लागलं असतं, आणि दोघींचं वजन केलं तर कुणाचं पारडं खाली जाईल याची तिला खात्री नव्हती. तो उठला, खिडकीशी गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "आमच्याकडे असा टँकर सापडला तर अख्खा ओततात गं. बारा हजार लिटर." त्यानंतर तो दर रविवारी यायचा, सरळ वर जायचा आणि वरूनच परत जायचा.

दोन महिन्यांनी मुलगी घरी आली. एक किलो नऊशे. अंगावर ओढायला अजून जोर नव्हता, म्हणून काढलेलं दूध चमच्याने पाजायचं होतं. डावा हात मुठीत घट्ट मिटलेला असायचा. सगळ्याच बाळांचा असतो, बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या. उजवा उघडायचा.

घरात समोर बसणारी बाई नव्हती. पण वाटीत दूध आलं की सासूबाई हातातलं काम टाकून यायच्या आणि अंगठा पुढे करायच्या. ती चमचा वाकडा करून नखावर एक थेंब सोडायची. दोघी वाकून बघायच्या. थेंब मोत्यासारखा उभा राहायचा. सासूबाई नख पदराला पुसायच्या आणि जायच्या. मग पाजायचं. दिवसातून आठ वेळा. जगातला कुठलाही नेम त्या दोघींनी इतक्या निष्ठेने पाळला नसेल. तिने कधी "पुरे आता" म्हटलं नाही. म्हणायचा हक्क कुठल्या तोंडाने मागणार?

एका दुपारी सासूबाई गाईला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. घरात ती आणि मुलगी. मुलगी भुकेने जागी झाली आणि रडायला लागली. आता तिला चांगला आवाज फुटला होता. वाटी तयार होती. दूध तिने स्वतः काढलं होतं, आत्ताच, बंद दाराआड, आणि खोलीत पाण्याचा थेंबही नव्हता. दवाखान्यातून आलेला जग तिने घरी आल्याच दिवशी माडीवर नेऊन ठेवला होता.

तिने चमचा भरला. मुलीच्या ओठांपर्यंत नेला. आणि थांबली.

चमचा मागे घेतला, आपला अंगठा पुढे केला आणि नखावर एक थेंब सोडला. थेंब थांबला. तिने तो पुसला. कदाचित नखाला काही लागलं असेल. हात धुतले, कोरडे केले, दुसरा सोडला. तोही थांबला. उजेडात धरला, एक डोळा मिटला. थांबला होता, हे दिसत होतं. तरी दिसण्याचं काय, दिसत तर सगळ्यांनाच होतं.

मुलगी रडून रडून लाल झाली होती. उजवा हात हवेत चाचपडत होता, डावा मिटलेला. तिने नख पुसलं आणि तिसरा थेंब सोडला.